तुमच्या प्रदेशात

रविवारी रात्री साडेआठला
तालमीच्या भिंतीवर गणपतीतली पांढरी चादर टांगली.
प्रोजेक्टर सुभान्या मांडववाल्याचा, फुकट.
फक्त म्हणाला, जिंकली पोरगी तर मिसळ तुमच्याकडं.
बायको पातेलंभर भडंग घेऊन आली,
गल्ली आली, म्हातारे खुर्च्या घेऊन आले,
आणि चादरीवर उमटलं:
हा सामना तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

कुणी बोललं नाही.
मग भैरू टोणपे, ज्याला सहावीतल्या प्रणोतीनं
पेनल्टी अडवून रडवलं होतं,
ओळ परत मोठ्यानं वाचून म्हणाला,
"आमच्या प्रदेशात न्हाई?
आरं, पोरगीच आमच्या प्रदेशातली हाय की!"

मी त्या शब्दाकडं बघत बसलो.
प्रदेश. भूगोलाच्या पुस्तकातला.
पर्जन्यछायेचा प्रदेश, गुरुजी फळ्यावर डोंगर काढायचे:
अलीकडं कोसळतो,
पलीकडं नुसता वारा.

टोणप्यांच्या श्रीतेजनं कायतरी दाबलं
आणि फोनला पटवून दिलं की तो क्रोएशियात आहे.
दोन मिनिटं आम्ही सगळेच परदेशात होतो,
भडंगासकट.
एक बाई दह्याची जाहिरात करत होती,
भाषा कळेना, दही कळलं.
मग त्यांना संशय आला, कसा कोण जाणे,
आणि आम्हाला सोमवार पेठेत परत आणून सोडलं.
खाली बारीक अक्षरांत हक्कांचं लिहिलेलं.
इकडचे हक्क म्हणे कुणी विकतच घेतले नाहीत.
न खपलेला मालसुद्धा
एवढ्या मोठ्या कुलपात ठेवतात?

मी दहा वर्षांचा असताना
शाहू स्टेडियमवर फायनल असली की
साळोख्यांच्या गच्चीवर चार आणे द्यायचे,
पाण्याच्या टाकीवर चढायचं.
तिथनं अर्धंच मैदान दिसायचं, एकच गोलपोस्ट.
पलीकडं काय झालं ते ओरडण्यावरनं ठरवायचं.
अख्खं लहानपण मी
एकट्या उभ्या माणसाकडं बघत काढलं.
तो शिंकला तरी मला माहीत.
म्हणून गोलकीपर झालो;
फुटबॉलमध्ये आणखीही काय करतात
हे उशिरा समजलं.
पुढं तिच्याही हातात तेच दिलं.

सव्वानऊला बायकोचा फोन वाजला.
प्रणोतीची रूममेट, घानाची पोरगी,
गुडघा सुजलेला म्हणून स्टँडात बसलेली.
"अंकल, इथं पाऊस आहे, फोन खिशातच ठेवते,"
एवढं मोडक्या हिंदीत बोलली, आणि खरंच ठेवला.

फोन स्टुलावर. चाळीस माणसं वाकून.
वर चादरीवर ती ओळ तशीच झगझगत होती,
प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

कापडाचा खसखस आवाज. शिट्टी.
कुणीतरी खोकलं. पाऊस.
भैरू म्हणाला, "हे काय बघायचं?"
मी म्हटलं, गप.

मग लांब कुठंतरी, थप्प.

"ही तिची."
"कशावरनं?"

कशावरनं सांगू.
सकाळी सहाला, बादलीत बुडवलेला चेंडू,
रोज शंभर, थंडीत तळवे लाल व्हायचे,
बायको माझ्याशी बोलायची बंद झाली होती.
दोन्ही हात एकदम लावायचे असतात.
हिचा डावा केसभर आधी लागतो,
एका थप्पमध्ये दोन थप्प असतात.
वाईट खोड. ओरडून ओरडून घसा बसला,
मोडली नाही.
बरं झालं मोडली नाही.

परत थप्प.
आणि लगेच हजार माणसांचा एकच आवाज:
आह.

हा कुणाचा?
हुकलं म्हणून, का बसला म्हणून?
कुठल्याही भाषेत तो सारखाच निघतो.
गल्लीतल्या एकाही माणसानं
तोंडातलं भडंग चावलं नाही,
कुरकुर होईल म्हणून,
पुढचा आवाज येईपर्यंत.